‘मालूम नाही’चे शून्य गुण

आमचं मानसिक आरोग्याचं पथक महिन्यातून दोनदा ज्या तालुक्याच्या दवाखान्यात जायचं, तिथे आमच्या खोलीला लागूनच दातांची खोली होती. व्हरांडा एक, बाकडी दोन. डावीकडचं दातवाल्यांचं, उजवीकडचं आमचं. उजवीकडच्या बाकड्यावर बसलेला माणूस ओळखीच्या कुणाला दिसला, तर संध्याकाळपर्यंत ‘त्याचं डोकं सरकलं’ अशी बातमी गावभर होणार, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून आमचे निम्मे पेशंट दातांच्या बाकड्यावर बसायचे आणि व्हरांडा मोकळा दिसला की पटकन आमच्या दारात शिरायचे. एक पासष्टीचे गृहस्थ असेच बसले होते. तेवढ्यात त्यांचा व्याही शेजारी येऊन बसला, आणि नेमका त्याच वेळी दातांच्या खोलीतून ‘चला, पुढचे’ असा पुकारा झाला. गृहस्थ मुकाट्याने उठले, आत गेले, तोंड उघडलं आणि अर्ध्या तासाने गालात कापूस धरून आमच्याकडे आले. दाढ किडलेलीच होती, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांना बोल लावता येत नाही. “मंग सांगतलं काहून नाही?” मी विचारलं. ते कापसातूनच म्हणाले, “इवाई बसला होता ना भाऊ बाजूले!”

मी त्या खोलीतला ब्रदर. नर्स बाई असली की सिस्टर आणि पुरुष असला की ब्रदर, एवढंच त्या शब्दाचं इंगित. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांनी त्याचा ‘बिरादर’ केला, आणि नुसतं बिरादर म्हणणं बरं दिसत नाही म्हणून पुढे ‘भाऊ’ जोडला. अशा रीतीने मी एकतीस वर्षं दोनदा भाऊ होतो. जन्म दारव्ह्याचा, नोकरी सगळी याच जिल्ह्यात, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.

लोकांना वाटतं, मनोरुग्णांकडचा ब्रदर म्हणजे पेशंटचे हातपाय धरणारा गडी. तशी वेळ माझ्यावर फारशी आली नाही. निदान आणि औषध हे डॉक्टरांचं काम. ती गोळी पोटात जाते की उशीखाली, कुणाच्या सांगण्यावरून बंद झाली, पेशंट जेवतो का, घरात त्याच्याशी कोण बोलतं, हे बघणं आमचं. मला ते काम उत्तम येत होतं. विनय जरा बाजूला ठेवूनच हे सांगतो आहे, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती नवख्याच्या हातून झालेली नव्हती.

माझा जीव जास्त रमला तो म्हाताऱ्या माणसांत. तरुण माणूस मनाने खचला की घराला लगेच कळतं. तो कामावर जात नाही, बोलत नाही, आईबाप घाबरतात. म्हातारा माणूस कोपऱ्यात बसून राहिला तर घर म्हणतं, वय झालं. जेवण कमी झालं, वय झालं. झोप उडाली, वय झालं. वयाच्या नावाखाली काय काय खपतं हे मी इतकं पाहिलं आहे, की कुणी माझ्यासमोर ‘आता वयच झालं’ असं म्हटलं तर मला अजूनही राग येतो.

त्यात आमच्याकडे वरून छापील प्रश्नावली येई. पहिला प्रश्न, ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणांस उदास अथवा निराश वाटले आहे काय?’ बाभुळगावच्या एका शिबिरात मी हा प्रश्न ओळीने चौदा म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवला. चौदाही जणांनी ‘नाही’ सांगितलं. त्यातले चार जण ‘नाही’ म्हणताना रडत होते. पुढचा प्रश्न, ‘मृत्यूविषयीचे विचार मनात येतात काय?’ त्यावर एका आजोबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, “मंग या वयात काय लग्नाचे येतीन?”

शेवटी मी तो कागद पालथा घातला आणि समोरच्या आजीला विचारलं, “आजी, गमते का?”

“नाही गमत रे बाप्पा,” आजी म्हणाली आणि तिने माझा हातच धरला. “सांज झाली का जीव कसानुसा होते. घर भरलं हाये, पन नाही गमत.”

गमणं हा आमच्याकडचा शब्द. दुसरीकडे करमणं म्हणतात, ते त्याच्या जवळचं. पण माझा अनुभव असा, की आमचा म्हातारा माणूस ‘गमत नाही’ म्हणतो तेव्हा त्याला सोबत हवी असते असं नाही, स्वतःच्याच जिवाशी त्याचं पटेनासं झालेलं असतं. ‘उदास’ हा शब्द त्याला सिनेमातल्या माणसांचा वाटतो. त्या दिवसापासून मी आधी ‘गमते का’ विचारायचो आणि मग छापील प्रश्नांच्या चौकटी भरायचो. आमच्या मनोविकारतज्ज्ञ मॅडम नागपूरकडच्याच, त्यांना ते पटलं.

या आजाराची दुसरी खोड अशी, की तो परत येतो. आमच्याकडे शेतात जाणारे पांदणरस्ते आहेत. ओल्या मातीत एकदा बैलबंडीच्या चाकांची चाकोरी पडली, की पुढची बंडी आपोआप त्याच चाकोरीत उतरते. मेंदूचं तसंच होतं. पहिल्यांदा खचायला बहुधा काही मोठं कारण घडावं लागतं, जोडीदार जातो, घर मोडतं. पुढच्या वेळी कारण नसलं तरी भागतं. आणि वय वाढलं की मेंदूही थकलेला असतो, त्यामुळे चाकोरीतून वर यायला वेळ लागतो. म्हणून मी घरच्यांना एकच गोष्ट घोकून सांगायचो. पहिल्या वेळी सुरुवात कशाने झाली ती खूण लक्षात ठेवा, दुसऱ्या वेळीही बहुतेक तीच असते.

दिग्रसच्या महादेवरावांचं (नावं सगळी बदललेली आहेत) उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात द्यायचो. त्यांची हयात जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेली. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच ओढायचा आणि धागा किती लांब आहे ते सांगायचं. निवृत्तीनंतर ते ओट्यावर बसत. कापसाची गाडी समोरून निघाली की उठायचे, गाडीवानाला न विचारता कापूस उपसायचे आणि न विचारता निकाल द्यायचे, “पानी मारलं हाये याले.” गाडीवान शिव्या देत पुढे जायचा. त्यांना नैराश्याचा झटका आधी दोनदा येऊन गेला होता. एके दिवशी त्यांच्या पत्नीचा, सुभद्राबाईंचा फोन आला. “बिरादरभाऊ, जेवतात बरोबर, झोपतात बरोबर. पन आज कापसाच्या तीन गाड्या गेल्या घरासमोरून. हे उठले नाही.”

मी त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. मॅडमनी तपासलं, गोळीचं प्रमाण बदललं. महिन्याभरात महादेवराव कुणाच्या तरी गाडीवर चढून शिव्या खात होते. आजार अगदी दारातूनच परत गेला. एवढं स्वच्छ यश आमच्या कामात फार वेळा मिळत नाही, म्हणून ते मी मिरवायचो.

आता दुसरी बाजू. म्हातारपणी मनाचा आजार आणि विसरण्याचा आजार बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. दोन्हींत दूध उतू जातं, दोन्हींत माणूस नावं विसरतो, दोन्हींत तो गप्प होतो. फरक एवढाच, की खचलेला माणूस औषधाने आणि माणसांनी बरा होऊ शकतो. शिवाय दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, आणि एकाने दुसरा वाढतो. तेव्हा हे नीट ओळखणं म्हणजे त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य ठरवणं.

त्यासाठी एक तोंडी परीक्षा असते. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठे आहोत, तीन वस्तूंची नावं ऐका आणि थोड्या वेळाने परत सांगा, असं. तिला गुण असतात. बाहेरून नवीन आलेली एक कार्यकर्ती ही परीक्षा घेत होती. “महिना कोणता?” “आखाड.” तिने चूक लिहिलं. “वार?” “बाजाराचा.” तेही चूक. मी तिला दोन्ही खोडायला लावलं. ती म्हणाली, “सर, पण उत्तर जुलै आहे.” मी म्हटलं, “तुझ्या कॅलेंडरात. त्यांच्या गावात आज आखाडच आहे.”

त्याहून महत्त्वाची गोष्ट मी शिकवायचो ती ‘मालूम नाही’ची. विसरण्याच्या आजारातला माणूस बहुधा उत्तर देतो. सकाळी खिचडी खाल्लेली असते आणि तो ठासून पुरणपोळी सांगतो. मनाने खचलेला माणूस उत्तर शोधायलाच जात नाही. तो म्हणतो, मालूम नाही. म्हणून ‘मालूम नाही’ ऐकलं की थांबा, त्याला पाणी द्या, इकडचं तिकडचं बोला आणि पुन्हा विचारा, घाईने शून्य देऊ नका. हे मी निदान शंभर नर्सेसना शिकवलं असेल, आणि तरीही कौसल्याबाईंना मी शून्य दिलं.

दिवाळीआधीचा शिबिराचा दिवस होता. मॅडम रजेवर होत्या. व्हरांडा भरलेला, दोन्ही बाकडी आमच्याच माणसांनी अडवलेली. बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावाहून विलास नावाचा शेतकरी आपल्या आईला घेऊन आला. कौसल्याबाई सत्तरीच्या, नीटनेटक्या, पांढरी साडी, मान खाली. विलास म्हणाला, “भाऊ, माय विसरून राह्यली. दूध उतू जाते, मोटरचं बटन चालूच राह्यते. नातवाले दुसऱ्याच्याच नावानं हाक मारते.” मी त्यांना स्टुलावर बसवलं, तक्ता मांडीवर घेतला आणि प्रश्न सुरू केले. वार? मालूम नाही. महिना? मालूम नाही. मघाच्या तीन वस्तू कोणत्या? मालूम नाही. अकरा वेळा त्यांनी ‘मालूम नाही’ म्हटलं आणि अकरा वेळा मी शून्य लिहिलं. सहा-सात मिनिटांत उरकलं. ‘गमते का’ हे विचारायचंही राहिलं.

मग व्हरांड्यात, चार लोकांच्या देखत, मी विलासला म्हणालो, “विसरण्याच्या आजाराची शंका आहे. पुढच्या वेळी मॅडम बघतील. पण याला बरं करणारं औषध नाही, सांभाळावं लागतं.” हे मी अगदी समजूतदार आवाजात म्हणालो. शंका हा शब्द व्हरांड्यातच राहिला, आजार तेवढा गावात पोचला. पुढच्या वेळी ते आले नाहीत. औषधच नाही म्हटल्यावर कशाला येतील? आणि मीही विचारपूस केली नाही.

दहा महिन्यांनी त्या गावच्या, घरोघरी आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंचा फोन आला. कौसल्याबाई चार दिवसांपासून जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून आहेत, दवाखान्यात यायला तयार नाहीत. नाव ऐकून मला काही आठवलं नाही. दुसऱ्या एका गावातलं काम आटोपून आमची गाडी तिथे पोचेपर्यंत दिवस कलला होता.

विलासच्या बायकोने, संगीताने आम्हाला पाणी दिलं. सून गुणाची, सासूला जपणारी. ती सांगू लागली, “तुम्ही सांगतलं तसंच करून राह्यलो भाऊ. सांभाळतो. चुलीजवळ जाऊ देत नाही, चहा करू देत नाही, एकटं बाहेर पाठवत नाही. लेकरावानी ठेवलं त्यायले.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता. आणि मला कळलं की माझ्या एका वाक्याने त्या बाईच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं होतं.

सगळ्यात मोठं काम विहारातलं. हे गाव बहुतेक बौद्ध वस्तीचं. वर्षावासाच्या तीन महिन्यांत तिथे रोज सायंकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं आणि भोंग्यावरून ते घरोघरी ऐकू जातं. कौसल्याबाई चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या, आणि आधीची नऊ वर्षं विहारातलं वाचन त्यांच्याकडे होतं. माझा निकाल गावात पोचल्यावर समितीने अगदी आदराने, त्यांना त्रास नको म्हणून, ते काम एका निवृत्त गुरुजींना दिलं. यंदाच्या वर्षावासात गुरुजी वाचत होते आणि कौसल्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात भोंगा सुरू झाला. गुरुजींचा आवाज खणखणीत, वाचन सपाट्याचं. पाच-सात वाक्यं झाली असतील. खाटेवरून, भिंतीकडूनच, बारीक आवाज आला, “काल इथं नव्हते थांबले.”

संगीता चमकली. मी खाटेजवळ गेलो. “काय म्हणलं माय?”

“काल जिथं थांबले त्याच्या पुढचं हे नाही. मधलं राह्यलं. पान चिकटते तिथलं. पुनवेले खीर सांडली होती मागं.”

मी आशाताईंना खाटेजवळ थांबवून विहाराकडे गेलो. वाचन संपल्यावर गुरुजींना ग्रंथ दाखवा म्हटलं. कालची खूण म्हणून ठेवलेलं वाळकं पिंपळाचं पान तिथेच होतं. त्याच्या पुढची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली, कडेला खिरीचा पिवळा डाग. “अरे, खरंच की!” गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी भोंगा बंद आहे ना याची आधी खात्री करून घेतली.

खिरीची गोष्ट जुनी. ती विसरण्याच्या आजारातल्या माणसालाही आठवू शकते, जुन्या आठवणी शेवटपर्यंत टिकतात. पण ‘काल कुठे थांबले’ हे त्याला नाही आठवत. ही बाई चार दिवसांची उपाशी, भिंतीकडे तोंड करून रोजचं वाचन ओळीन् ओळ ऐकत होती आणि आदल्या दिवशीचं शेवटचं वाक्य लक्षात ठेवत होती.

परत येऊन मी त्यांच्या खाटेशी खाली बसलो. “माय, मले ओळखलं का?”

त्यांनी पहिल्यांदाच मान वळवली. “ओळखलं ना. तवा मिशी होती तुम्हाले.”

मी मिशी काढून बारा वर्षं झाली होती. मग सगळं एकदम वर आलं. नवरा गेल्यानंतर ही बाई आमच्याकडे आली होती. सात महिने मीच त्यांच्याशी बोलत होतो, मीच गोळ्या मोजून देत होतो. बऱ्या झाल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहून दाखवलं होतं. म्हणजे हा आजार उलटून आलेला होता, जुन्याच चाकोरीत, आणि ती ओळखायला जिल्ह्यात माझ्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. त्यांच्या स्मरणाची परीक्षा घेताना मीच त्यांना विसरलो होतो. मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

“मंग त्या दिवशी साऱ्या गोष्टीले मालूम नाही काहून म्हणलं?” मी विचारलं.

“तुम्ही सटसट विचारत होते. मले वाटलं, याले उत्तर नाही पाह्यजे, कागद भराचा हाये.” मग म्हणाल्या, “आन् गमतच नव्हतं ना भाऊ. सांगाव कायले?”

मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतः घरी येऊन पाहिलं. दोन-तीन दिवस सलाईन लागलं, गोळ्या सुरू झाल्या. मेंदूचा फोटोही काढला. मेंदू वयाप्रमाणे थोडा आक्रसलेला होता, तेही खोटं नव्हतं. म्हणून सुधारणा पहिल्या वेळेसारखी भराभर झाली नाही. त्या वेळी दोन महिन्यांत हसू लागलेली बाई या वेळी पाचव्या महिन्यात पोटभर जेवली. मध्ये एकदा परत खाट धरली, तेव्हा विलास माझ्यावर चिडला आणि मी ते ऐकून घेतलं. मॅडमनी त्याला समजावलं, की या वयात, दुसऱ्या खेपेनंतर, गोळ्या लवकर बंद करायच्या नाहीत.

गोळ्यांपेक्षा अवघड काम होतं संगीताकडून चूल परत मिळवणं. “भाजलं तं मी काय सांगू लोकायले?” असं ती म्हणे. मी म्हटलं, आधी फक्त चहा द्या त्यांच्याकडे. तिने दिला, आणि पहिले आठ दिवस दारात उभी राहून पाहत बसली. तीन वेळा दूध उतू गेलं. ते माझ्याही घरी जातं, पण त्यावरून मला कुणी खाटेवर बसवून ठेवलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घरातला चहा कौसल्याबाईंचा झाला. मी ती तोंडी परीक्षाही पुन्हा घेतली, या वेळी त्यांच्या अंगणात, घाई न करता. दोन-तीन ठिकाणी अडल्या, बाकी सगळं सांगितलं.

त्याच दिवशी मी म्हणालो, “माय, चूक माझी होती. तुम्हाले विसराचा आजार नव्हता.”

“मले मालूम हाये,” त्या म्हणाल्या. “गावाले नाही मालूम.”

“विलासले सांगतलं मी. आशाताईले, समितीच्या अध्यक्षाले बी सांगतलं.”

“ते कानात सांगतलं. आजार चार लोकाईत सांगतला होता.”

पेशंटची माहिती बाहेर बोलायची नाही हा आमचा पहिला नियम, आणि तो मोडल्याचाच हा परिणाम होता. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “माहिती त्यांची आहे, ती कुणाला सांगायची ते त्या ठरवतील. त्यांच्याकडून लिहून घ्या.” कौसल्याबाईंनी लिहून दिलं, चार ओळी, स्वतःच्या अक्षरात. ‘काय सांगायचं’ यापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘खरं’.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने राहिले होते. विहार भरलेला होता, पुढे बाया, मागे पुरुष, काही तरुण दाराशी उभे. वाचन कुणी करायचं यावर समितीने तोडगा काढला होता, की कौसल्याबाई वाचतील पण शेजारी गुरुजी बसतील, कुठे अडलं तर सांभाळून घेतील. वंदना झाली. अध्यक्षांनी माइक माझ्या हातात दिला. मी शेकडो सभांत बोललो आहे, व्यसनमुक्तीवर, ताणतणावावर, कशावरही. त्या दिवशी मी माइक दोन्ही हातांनी धरला.

“जयभीम,” मी म्हणालो. “पावणेदोन वर्षांआधी मी कौसल्याबाईंची तपासणी केली आणि विसरण्याचा आजार आहे असं सांगितलं. ते चुकीचं होतं. मी घाई केली. त्यांना मनाचा आजार झाला होता, तो आधीही झाला होता आणि बरा झाला होता. आताही त्या बऱ्या होत आहेत. माझ्या चुकीमुळे त्यांचं एक वर्ष गेलं. त्याची माफी मी त्यांच्यासमोर आणि तुम्हा सगळ्यांसमोर मागतो.”

भोंगा चालू होता, त्यामुळे विहारात न आलेल्यांनाही ते ऐकू गेलं. मागून एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, “मंग आता वाचता येईन का त्यायले?” प्रश्न मला होता. मी उत्तर द्यायला माइक पुन्हा तोंडाशी नेला, आणि कौसल्याबाईंनी हात पुढे करून तो माझ्याकडून घेतला. चष्मा लावला, ग्रंथ उघडला आणि वाचायला सुरुवात केली.

वाचन हळू होतं, पूर्वीपेक्षा हळू, असं संगीता मला नंतर म्हणाली. पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ओळ सुटली. त्या थांबल्या, नजर पानावर वरखाली फिरू लागली. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. विलासने मान खाली घातली. गुरुजींनी सांभाळून घेण्यासाठी अदबीने बोट पुढे केलं आणि ओळीवर ठेवलं.

कौसल्याबाईंनी ते बोट उचलून बाजूला ठेवलं. “थांबा गुरुजी,” त्या माइकमध्येच म्हणाल्या. “सापडते मले.”

बराच वेळ गेला. मग त्यांना ओळ सापडली आणि त्या पुढे वाचू लागल्या.